अध्यापनातील सावड : महाविद्यालयीन मराठी अध्यापकांच्या परस्परसाहाय्याचा विचार

१. प्रश्नाची मांडणी

महाविद्यालयातील मराठीचा अध्यापक आपल्या सेवाकाळात हजारो तास घेतो. परंतु या तासांना दुसरा अध्यापक सहसा कधीच उपस्थित नसतो. प्राथमिक आणि माध्यमिक शिक्षकाची स्थिती वेगळी आहे. प्रशिक्षणाच्या काळात त्याला पाठाचे टाचण काढावे लागते, सराव पाठ द्यावे लागतात आणि सहाध्यायांच्या पाठांची निरीक्षणे वहीत नोंदवावी लागतात. पुढे नोकरीतही केंद्रसंमेलनाच्या निमित्ताने एखादा आदर्श पाठ घेण्याची किंवा पाहण्याची वेळ त्याच्यावर येते. महाविद्यालयीन अध्यापकाकडून मात्र पदव्युत्तर पदवी आणि नेट, सेट किंवा पीएच्‌.डी. यांची अपेक्षा केली जाते. अध्यापनाचे प्रशिक्षण ही नियुक्तीपूर्व अट नसते. विषयाचे ज्ञान असले की तो शिकवता येतोच, असे या व्यवस्थेचे गृहीत आहे.

या गृहीताचे दोन परिणाम होतात. पहिला सर्वांच्या लक्षात येण्याजोगा आहे : सदोष अध्यापन वर्षानुवर्षे तसेच चालू राहते. दुसरा परिणाम तितकाच गंभीर असून त्याची चर्चा फारशी होत नाही : उत्तम अध्यापनही त्या खोलीतच संपते. अध्यापकाचे संशोधन ग्रंथरूपाने वा नियतकालिकांतून उरते. त्याच्यावर टीका होते, त्यात भर पडते. परंतु ज्ञानेश्वरीतील एखादी ओवी पदवीच्या वर्गासमोर कशी उलगडावी, याची तीस वर्षांत कमावलेली रीत त्या अध्यापकाच्या निवृत्तीबरोबर नाहीशी होते. शेजारच्या वर्गात तीच ओवी शिकवणाऱ्या तरुण अध्यापकाला ती पुन्हा शून्यापासून शोधावी लागते. साहित्याच्या अभ्यासाला परंपरा आहे. साहित्याच्या अध्यापनाला मात्र परंपरा असूनही ती हस्तांतरित होण्याची वाट नाही.

समान दर्जाच्या अध्यापकांनी एकमेकांचे तास पाहून, एकत्र आखणी करून आपले अध्यापन सुधारावे, या कल्पनेला शिक्षणशास्त्रात ‘पीअर कोचिंग’ असे नाव आहे. प्रस्तुत लेखात या कल्पनेचे स्वरूप तपासून ती महाविद्यालयीन मराठी अध्यापनाला, विशेषतः यावल परिसरासारख्या अनेक बोलींच्या प्रदेशातील अध्यापनाला, कोणत्या अटींवर उपयुक्त ठरू शकते याचा विचार केला आहे.

२. संज्ञेचा प्रश्न

‘पीअर कोचिंग’ला मराठी प्रतिशब्द योजताना येणारी अडचण केवळ भाषांतराची नाही. ‘कोचिंग’ म्हटले की मराठी वाचकासमोर परीक्षेची तयारी करून घेणारे खासगी वर्ग उभे राहतात. ‘मार्गदर्शन’ या शब्दात मार्ग ठाऊक असलेला एक आणि नसलेला दुसरा, अशी उतरंड गृहीत असते. ‘निरीक्षण’ या शब्दाला तपासणी अधिकाऱ्याचा वास आहे. म्हणजे अध्यापनाविषयीच्या व्यवहारात दोन समानांमधील साहाय्यासाठी रूढ शब्दच सापडत नाही. आणि शब्द नसणे हे तो व्यवहार रूढ नसल्याचे गमक मानावे लागते.

शेतीच्या व्यवहारात मात्र असा शब्द आहे. ज्याच्याकडे एकच बैल आहे असा शेतकरी तशाच दुसऱ्या शेतकऱ्याशी जोड जमवतो. आज याच्या शेतात, उद्या त्याच्या शेतात औत चालते. याला ‘सावड’ म्हणतात. सावडीची तीन लक्षणे प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. पहिले, दोघांचीही गरज सारखी असते. उपकाराचा भाव त्यात नसतो. दुसरे, ज्याचे शेत असेल तोच त्यात काय पेरायचे ते ठरवतो. सावडकरी पीक बदलायला सांगत नाही. तिसरे, फेड श्रमानेच होते. अहवालाने किंवा प्रमाणपत्राने होत नाही. अध्यापकांच्या परस्परसाहाय्याचे मर्म या तीन लक्षणांत सामावलेले असल्याने पुढील विवेचनात ‘सावड’ हाच शब्द योजला आहे.

३. कल्पनेचा विकास

वर्गनिरीक्षणाला तपासणीपासून सोडवण्याचा प्रयत्न अमेरिकेत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. रॉबर्ट गोल्डहॅमर यांचा १९६९ मधील व मॉरिस कोगन यांचा १९७३ मधील ग्रंथ या संदर्भात मूलभूत मानले जातात. निरीक्षणापूर्वीची चर्चा, निरीक्षण, नोंदींचे विश्लेषण, अध्यापकाशी चर्चा आणि शेवटी या प्रक्रियेचेच परीक्षण, अशा पाच पायऱ्या गोल्डहॅमर यांनी मांडल्या. निरीक्षकाने अचानक यावे आणि मत देऊन निघून जावे, ही जुनी रीत यामुळे बदलली. तरीही निरीक्षक हा पर्यवेक्षकच राहिला. समान सहकारी झाला नाही.

पुढचे पाऊल ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० नंतरच्या दशकात टाकले. शिबिरात नवी अध्यापनपद्धती समजावून सांगितली, तिचे प्रात्यक्षिक दाखवले, सराव करून घेतला, तरी शिक्षक आपल्या वर्गात परतल्यावर ती फारशी वापरत नाही. सहकाऱ्याची सोबत मिळाली तर मात्र ती वापरात टिकते, असे त्यांचे प्रतिपादन होते. सेवांतर्गत प्रशिक्षण पूर्ण करून आलेल्या कोणाही अध्यापकाला या प्रतिपादनाचा प्रत्यय येण्यासारखा आहे.

परंतु या दोघांच्या विचारातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा पुढचा आहे. १९९६ साली आपल्या कार्याचा फेरआढावा घेताना त्यांनी या पद्धतीतून तोंडी प्रतिक्रिया देण्याचा भागच वगळला. दोन सहकारी एकमेकांच्या अध्यापनावर अभिप्राय देऊ लागले की ते नकळत परीक्षकाची भूमिका घेतात आणि सहकार्य विस्कटते, असा त्यांचा अनुभव होता. त्याच वेळी त्यांनी भूमिकांची अदलाबदल केली : जो शिकवत असतो तो साहाय्यकर्ता, आणि जो पाहत असतो तो साहाय्य घेणारा. पाहणारा दुसऱ्याला सुधारण्यासाठी वर्गात बसत नाही. तो स्वतः शिकण्यासाठी बसतो.

ही अदलाबदल वरवर पाहता किरकोळ वाटेल. वस्तुतः सगळ्या कल्पनेचा तोल तिच्यामुळे बदलतो. ‘माझ्या वर्गात येऊन माझ्या चुका काढा’ असे म्हणायला कोणीही सहज तयार होत नाही. ‘आपल्या तासाला बसू द्या, मला शिकायचे आहे’ असे म्हणणे मात्र आपल्या संस्कृतीत मानाचे आहे. एक कीर्तनकार दुसऱ्याच्या कीर्तनाला श्रोत्यांत बसतो, एक गायक दुसऱ्याच्या मैफलीला जातो, तेव्हा तो परीक्षणासाठी जात नाही. परंतु परतताना काहीतरी घेऊन येतो.

उच्च शिक्षणातील सहकारी-निरीक्षणाच्या तीन प्रतिमानांचा भेद डेव्हिड गॉसलिंग यांनी २००२ मध्ये स्पष्ट केला : मूल्यमापनाचे, विकासाचे आणि परस्पर-परिशीलनाचे. पहिल्यात वरिष्ठ पाहतो, दुसऱ्यात तज्ज्ञ पाहतो, तिसऱ्यात सहकारी पाहतो. सावड हे तिसरे प्रतिमान होय. व्यवहारात या तिन्हींची सरमिसळ झाली की तिसरे प्रथम नष्ट होते, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

भारतात महाविद्यालयीन अध्यापकांच्या उद्बोधनाची गरज १९६४–६६ च्या कोठारी आयोगाने मांडली होती. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८७ मध्ये ॲकॅडमिक स्टाफ कॉलेजांची योजना आखली. या संस्थांची नावे २०१५ आणि २०२३ मध्ये बदलत गेली. उद्बोधन आणि उजळणी वर्गांचा साचा मात्र टिकून राहिला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ज्येष्ठ व निवृत्त अध्यापकांच्या साहाय्याने मार्गदर्शनाचे राष्ट्रीय अभियान उभारण्याची कल्पना मांडली. या सर्व योजनांचे मोल नाकारता येत नाही. तथापि त्यांत अध्यापक आपला वर्ग सोडून अन्यत्र जातो किंवा कोणी ज्येष्ठ त्याला सल्ला देतो. त्याच्या स्वतःच्या वर्गात, त्याच्याच विद्यार्थ्यांसमोर, त्याच्या बरोबरीचा सहकारी येऊन बसत नाही. ती जागा रिकामीच राहिली आहे.

४. चांगदेव चतुष्टयाची साक्ष

ही जागा रिकामी का राहते, याचे उत्तर शोधताना मराठी साहित्याच्या अभ्यासकाला यावल तालुक्यातूनच एक साक्ष उपलब्ध होते. भालचंद्र नेमाडे यांचा जन्म १९३८ साली याच तालुक्यातील सांगवी येथे झाला. त्यांच्या ‘बिढार’ (१९७५), ‘जरीला’ (१९७७), ‘झूल’ (१९७९) आणि याच मालिकेतील ‘हूल’ या कादंबऱ्यांचा नायक चांगदेव पाटील हा इंग्रजीचा अध्यापक आहे. एका महाविद्यालयातून दुसऱ्या महाविद्यालयात बिऱ्हाड हलवत जाणाऱ्या या नायकाच्या निमित्ताने महाराष्ट्रातील गावोगावच्या महाविद्यालयांचे जग मराठी कादंबरीत विस्ताराने आले.

या कादंबऱ्यांचा विचार आजवर प्रामुख्याने अस्तित्वाचा प्रश्न, जातिव्यवस्थेचे चित्रण, देशीयता आणि कादंबरीचे रूप या अंगांनी झाला आहे. अध्यापनव्यवसायाच्या दृष्टीने त्या वाचल्या तर वेगळीच बाब नजरेत भरते. या जगात अध्यापक एकमेकांविषयी पुष्कळ जाणतात. कोण कोणत्या जातीचा, कोणाचा वशिला कोणता, संस्थाचालकांपैकी कोण कोणाच्या बाजूचे, कोणाची नोकरी पक्की आणि कोणाची जाणार, हे सारे चर्चेत असते. खोल्यांवर, हॉटेलांत, फिरायला जाताना अखंड बोलणे चालते. परंतु ज्या कामासाठी हे सर्वजण एकत्र आले ते काम, म्हणजे दुसऱ्याचे शिकवणे, या संवादाचा गाभा होत नाही. सहकाऱ्याच्या अध्यापनाविषयीचे मत विद्यार्थ्यांकडून, परीक्षेच्या निकालावरून किंवा कुचाळकीतून तयार होते. प्रत्यक्ष पाहण्यातून होत नाही.

कादंबरी ही पाहणी-अहवाल नव्हे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. कलाकृतीतील जग लेखकाने रचलेले असते आणि चांगदेवाची दृष्टी ही एका एकाकी, तिऱ्हाईत माणसाची दृष्टी आहे. तरीही या चित्रणातून एक विश्लेषणात्मक भेद हाती येतो. महाविद्यालयात अध्यापकाकडे पाहण्याच्या दोनच रीती रूढ असतात. एक वरून पाहण्याची : प्राचार्य, संस्था, गोपनीय अहवाल. दुसरी आडून पाहण्याची : स्टाफरूममधील चर्चा. पहिलीत सत्ता आहे, दुसरीत गंमत आहे. दोन्हींत साहाय्य नाही. या दोन रीतींची सवय जडलेल्या माणसाला ‘तुमच्या तासाला बसतो’ असे कोणी म्हटले, तर तो त्याचा अर्थ या दोहोंपैकी एका रीतीनेच लावणार. म्हणून सावड सुरू करण्यातील खरी अडचण वेळेची वा साधनांची नाही. समोरून, उघडपणे आणि बरोबरीने पाहण्याची तिसरी रीत निर्माण करणे ही खरी अडचण आहे.

५. यावल परिसरातील वर्ग

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या यावल, फैजपूर, रावेर या केळीच्या पट्ट्यातील मराठीचा वर्ग भाषिकदृष्ट्या एकजिनसी नाही. लेवा गणबोली बोलणारी मुले, अहिराणी घरातली मुले, तडवी भिल्ल समाजातील मुले आणि पहाडातील पाड्यांवरून आलेली पावरा मुले एकाच बाकांच्या रांगांत बसलेली असतात. प्रमाण मराठी ही यांपैकी अनेकांची घरची भाषा नव्हे. फैजपूर येथे धनाजी नाना महाविद्यालय १९६१ मध्ये सुरू झाले तेव्हापासून १९९० पर्यंत या भागातील महाविद्यालये पुणे विद्यापीठाशी संलग्न होती. १५ ऑगस्ट १९९० रोजी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले आणि २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. विद्यापीठाच्या नावात बोलीतील कवयित्री आली. वर्गात तिची बोली कशी वाचली जाते, हा प्रश्न मात्र प्रत्येक अध्यापकाच्या दाराआड राहिला.

बहिणाबाई (१८८०–१९५१) यांचा जन्म जळगावजवळील आसोदे येथे झाला. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी मुलगा सोपानदेव आणि त्यांच्या एका भावाने टिपून ठेवली आणि आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह १९५२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. म्हणजे ही कविता मुळात ऐकण्याची आहे. ती वर्गात कशी ऐकवली जाते यावर तिचे अध्यापन अवलंबून राहते. आणि स्वतःचे वाचन ऐकणे ही गोष्ट अध्यापकाला एकट्याने साधत नाही. सावडीचे प्रयोजन येथे ठोसपणे दिसते. त्यासाठी पुढील काल्पनिक उदाहरण विचारात घेता येईल.

समजा, पदवीच्या पहिल्या वर्षाला एक अध्यापक बहिणाबाईंची कविता शिकवत आहेत आणि विभागातील एक अध्यापिका शेवटच्या बाकावर बसल्या आहेत. अध्यापक तळमळीने शिकवणारे आहेत. लेवा गणबोलीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो : डोळ्याचा ‘डोया’ होतो, आभाळाचे ‘आभाय’, केळीची ‘केयी’. अध्यापक कवितेतील असा शब्द वाचतात, थांबतात आणि ‘म्हणजे आभाळ’ असे म्हणून पुढे जातात. अर्थ स्पष्ट करणे हा त्यांचा हेतू आहे. तासात असे अनेकदा घडते. शेवटच्या बाकावरून मात्र आणखी काही दिसते. पहिल्या वेळी दोन मुली एकमेकींकडे पाहून हसतात, कारण तो शब्द त्यांच्या घरातला आहे. तिसऱ्या-चौथ्या वेळी त्या हसत नाहीत. वहीत ‘आभाळ’ एवढेच लिहितात. खिडकीजवळचा पावरा विद्यार्थी संपूर्ण तासात काहीच लिहीत नाही. त्याला ‘आभाय’ आणि ‘आभाळ’ हे दोन्ही शब्द शिकायचे आहेत, हे कोणाच्या ध्यानात आलेले नाही.

टेबलाजवळून यांपैकी काहीही दिसणे अवघड आहे. अध्यापकाचे लक्ष संहितेवर, वेळेवर आणि पुढच्या वाक्यावर असते. त्यांना वाटते, ‘अर्थ सांगितला’. काही विद्यार्थ्यांपर्यंत मात्र ‘तुमच्या घरचा शब्द दुरुस्त करून घ्यावा लागतो’ असा संदेश पोहोचतो. जी कविता बोलीचे सामर्थ्य दाखवण्यासाठी अभ्यासक्रमात नेमली गेली तिच्याच तासाला बोली ओशाळते. यात अध्यापकाचे अज्ञान नाही, अनास्थाही नाही. स्वतःकडे पाठीमागून पाहता न येणे एवढेच त्याचे कारण आहे.

तासानंतर त्या अध्यापिकेने काय करावे, यावर सावडीचे यश ठरते. ‘सर, आपण बोलीला कमी लेखता’ असे त्या म्हणाल्या तर संवाद तेथेच थांबेल; शिवाय ते विधान खरेही नाही. त्यांनी आपली नोंद पुढे ठेवावी : कोणत्या मिनिटाला कोणता शब्द आला, त्यानंतर अध्यापकांनी काय म्हटले, विद्यार्थ्यांनी काय केले. आणि एक प्रश्न विचारावा : ‘सर, त्या शब्दापाशी आपण दर वेळी थांबलात, ते मुद्दाम का?’ उत्तर काहीही येवो, विचार सुरू होतो. पुढच्या आठवड्यात तीच कविता त्या स्वतः दुसऱ्या तुकडीला शिकवतात आणि हे अध्यापक मागे बसतात. त्या कदाचित शब्द आधी मुलांकडून उच्चारून घेतील, ‘तुमच्या घरी याला काय म्हणतात?’ असे विचारून फळ्यावर लेवा, अहिराणी, पावरी असे तीन रकाने करतील. तेव्हा त्या अध्यापकांना दुसरी अडचण दिसेल : रकाने भरण्यात निम्मा तास गेला आणि कविता बाजूला राहिली. दोघांनाही आता काही मिळाले आहे, आणि तिसऱ्या वेळी काय करावे हे ठरवायला दोघे एकत्र बसू शकतात. एकाच पद्धतीला आदर्श ठरवण्याची गरज पडत नाही.

६. नोंदीचे शास्त्र

साहित्याच्या अध्यापकाला नोंदीचे महत्त्व नवीन नाही. आय. ए. रिचर्ड्‌स यांनी केंब्रिजमध्ये कवींची नावे न देता विद्यार्थ्यांपुढे कविता ठेवल्या, त्यांचे लेखी प्रतिसाद गोळा केले आणि त्यांच्या विश्लेषणावर १९२९ चा ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ हा ग्रंथ उभा केला. विद्यार्थी कविता कशी वाचतो, हे गृहीत न धरता त्यांनी ते पुराव्याने तपासले. वर्गात बसलेला सहकारी अशाच पुराव्याचे संकलन करत असतो. फरक इतकाच, की हे प्रतिसाद लेखी नसून कुजबुज, मौन, हसू, वहीत लिहिणे आणि लिहायचे थांबणे या रूपांत असतात.

यासाठी तीन रकान्यांची साधी नोंद पुरेशी आहे : वेळ, अध्यापकाची कृती वा उक्ती, विद्यार्थ्यांची कृती वा उक्ती. या नोंदीत विशेषणे असू नयेत. ‘प्रभावी’, ‘कंटाळवाणे’, ‘ओघवते’ हे शब्द निकाल देतात, वर्णन करत नाहीत. ‘प्रश्न विचारल्यावर अध्यापक दोन सेकंद थांबले व स्वतःच उत्तर दिले’ ही नोंद होय. ‘विद्यार्थ्यांना संधी दिली नाही’ हा अभिप्राय होय. संहितेचे वर्णन आणि संहितेचे मूल्यमापन यांतील भेद विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या मराठीच्या अध्यापकाला हा भेद अवघड जाऊ नये.

काय पाहायचे, हे तास घेणाऱ्यानेच आधी ठरवावे. सावडीत शेत ज्याचे, पीक त्याचे. साहित्याच्या अध्यापनात अशा पाहण्याजोग्या बाबी पुष्कळ आहेत. प्रकट वाचनात लय कोठे तुटते? एका तासात मूळ संहिता किती वेळा उघडली जाते आणि संहितेऐवजी लेखकाच्या चरित्रावर किती वेळ जातो? प्रश्न अर्थाचे असतात की माहितीचे? उत्तरे कोणत्या बाकांवरून येतात? मुलगे आणि मुली यांत बोलण्याचे प्रमाण कसे आहे? टिपणे सांगताना अध्यापकाचा स्वर बदलतो का, आणि त्याबरोबर वर्ग ऐकणे सोडून लिहिणे सुरू करतो का? एका वेळी एकच बाब घ्यावी. सर्व काही पाहू गेल्यास अखेरीस मतच उरते.

या क्रमात तासापूर्वीची भेट सर्वांत फलदायी असते. दोघांनी मिळून एक कविता वा उतारा वाचणे, विद्यार्थी कोठे अडतील याचा अंदाज बांधणे आणि मग वर्गात तो अंदाज खरा ठरतो का ते पाहणे, यात अध्यापकाच्या व्यक्तिमत्त्वाकडून संहितेच्या अध्यापनाकडे लक्ष वळते. जॉइस आणि शॉवर्स यांनीही सहकार्याचा मोठा भाग एकत्र आखणीत असावा, असेच सुचवले आहे.

७. मर्यादा आणि अटी

या कल्पनेच्या मार्गातील अडचणी सौम्य करून सांगण्यात अर्थ नाही. पहिली अडचण ‘समान’ या शब्दाची आहे. आजच्या महाविद्यालयीन विभागात एक पूर्णवेळ अध्यापक आणि त्याच्याबरोबर तासिका तत्त्वावर काम करणारे एक-दोन अध्यापक, असे चित्र अनेकदा आढळते. पदवी आणि पात्रता सारखी असली तरी त्यांची स्थिती सारखी नाही. ज्याची पुढच्या वर्षीची नेमणूक अनिश्चित आहे त्याच्या तासाला पूर्णवेळ सहकारी बसला, तर त्याला ती चाचणीच वाटणार. म्हणून आरंभ उलट दिशेने झाला पाहिजे : पूर्णवेळ व ज्येष्ठ अध्यापकाने प्रथम आपले दार उघडावे आणि तासिका तत्त्वावरील अध्यापकाला आपल्या तासाला बसण्याचे निमंत्रण द्यावे. ज्याला गमावण्याची भीती कमी आहे त्यानेच पहिला धोका पत्करायचा असतो. तासिका तत्त्वावरील अध्यापकाला या वेळेचे मानधन मिळत नसेल, तर ही सावड नव्हे, वेठ होय, हेही स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

दुसरी अडचण एकाच अध्यापकावर चालणाऱ्या विभागांची. तेथे जवळच्या महाविद्यालयातील मराठीच्या अध्यापकाशी किंवा त्याच महाविद्यालयातील हिंदी, इंग्रजी, इतिहास या विषयांच्या अध्यापकाशी जोड जमवता येईल. विषयाबाहेरचा सहकारी संहितेविषयी कमी जाणतो. परंतु विद्यार्थ्यांना काय कळत नाही हे त्याला अधिक लवकर कळते, कारण त्यालाही ते कळत नसते. यावल आणि फैजपूर यांसारख्या जवळजवळच्या गावांतील अध्यापकांना सत्रातून दोन वेळा एकमेकांकडे जाणे अशक्य नाही.

तिसरी अडचण वेळेची आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाचा प्रत्यक्ष अध्यापनभार आठवड्याला सोळा तास आहे. त्याखेरीज परीक्षा, समित्या आणि अहवाल आहेतच. म्हणून सावडीची मात्रा लहान असावी. सत्रात प्रत्येकी दोन तास पाहणे आणि त्यांच्या आधी-नंतर अर्धा अर्धा तास बसणे, इतके पुरे आहे.

चौथी अडचण सर्वांत धोक्याची आहे आणि ती कागदाची आहे. १९९४ मध्ये नॅकची स्थापना झाली, २०१० च्या नियमांनी अध्यापकाच्या कामगिरीचे गुणांकन आणले, आणि चांगल्या प्रथेला पुराव्याचे रूप देण्याची सवय महाविद्यालयांत रुजली. सावडीची नोंद फायलीत जाऊ लागली की तिच्यात विशेषणे येतील, सर्वांचे तास ‘उत्कृष्ट’ होतील आणि ‘त्या शब्दापाशी का थांबलात?’ हा प्रश्न कोणी विचारणार नाही. म्हणून नोंदीचा कागद ज्याचा तास त्याच्याच हाती राहावा. संस्थेला फार तर ‘अमुक दोन अध्यापकांनी एकमेकांचे तास पाहिले’ एवढे कळावे. काय पाहिले ते कळू नये. मूल्यमापनाची गरज नाही, असा याचा अर्थ नव्हे. मूल्यमापन आणि सावड ही दोन वेगळी कामे असून एकाच कागदाने ती दोन्ही होत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

८. समारोप

साहित्याचे अध्यापन हा एकांतातील व्यवसाय आहे असे मानण्याची सवय मराठीच्या अध्यापकाला जडली आहे. प्रत्येकाची शैली वेगळी असते, ती शिकवता येत नाही, म्हणून तिच्याविषयी बोलू नये, अशी त्यामागची समजूत आहे. या समजुतीत तथ्यांश आहे. शैली उसनी घेता येत नाही. परंतु वर्गात जे घडते ते केवळ शैलीतून घडत नाही. कोणता शब्द दुरुस्त केला, कोणत्या बाकाकडे पाहिले, प्रश्नानंतर किती थांबले, संहिता उघडली की टिपण उघडले, अशा लहान लहान कृतींतून ते घडते. या कृती पाहता येतात, टिपता येतात आणि बदलताही येतात.

यावल परिसरातील वर्गात याचे मोल वाढते, कारण तेथे पणाला लागलेली गोष्ट अध्यापकाच्या कीर्तीपेक्षा मोठी आहे. विद्यार्थी आपल्या घरची भाषा घेऊन साहित्याच्या वर्गात आला आणि ती दाराबाहेर ठेवून बसायला शिकला, तर पुढे तो साहित्याचा वाचक होईल याची शाश्वती नाही. ती भाषा तो कोणत्या क्षणी बाहेर ठेवतो, हे टेबलापासून दिसत नाही. शेवटच्या बाकावरून ते दिसू शकते. त्या बाकावर एखाद्या सहकाऱ्याने वर्षातून दोनदा बसावे आणि त्याच्या वर्गात आपणही तसेच बसावे, इतकीच या विवेचनाची व्यावहारिक मागणी आहे. त्यासाठी नव्या योजनेची, निधीची किंवा परिपत्रकाची आवश्यकता नाही. विभागातील ज्येष्ठाने आधी आपले दार उघडण्याची आवश्यकता आहे.